'फीस्ट'चा तिसरा भाग नेमका कुठे फसला

शेवट आधीच सांगून टाकतो, कारण त्याशिवाय ह्या सिनेमाबद्दल धड बोलताच येत नाही, तेव्हा ज्यांना तिन्ही भाग कोऱ्या पाटीने बघायचेत त्यांनी इथूनच मागे फिरा. तर 'फीस्ट' ह्या अमेरिकन राक्षसपटांच्या सिरीजचा तिसरा भाग, 'फीस्ट ३: द हॅपी फिनिश', संपत आलाय, तीन सिनेमे भरून राक्षसांनी माणसं फाडून खाल्लीयेत, उरलीसुरली मंडळी कशीबशी जीव वाचवून उघड्यावर येतात आणि वरून एका अवाढव्य रोबोटचा पाय येऊन पडतो. हो, रोबोट. आधी कुठेही उल्लेख नाही, सूचना नाही, काही नाही. मग एक मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीतवाला गायक गिटार घेऊन येतो, गाणं म्हणतो आणि संपलं.

हा शेवट बघून लोकांनी भरपूर शिव्या घातल्या आणि त्या बरोबरच आहेत. पण माझं म्हणणं असं की सिरीज तिथे फसली नाही, ती त्याच्या बरीच आधी फसली होती, आणि कशी फसली हे नीट बघितलं तर राक्षसपट कशावर चालतो हेच कळतं. म्हणून हे सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहितोय, कारण पहिला 'फीस्ट' मला मनापासून आवडतो आणि त्याची अशी वाट लागलेली बघून खरंच वाईट वाटतं.

सुरुवात एका टीव्ही शोपासून. 'प्रोजेक्ट ग्रीनलाइट' नावाचा कार्यक्रम होता, मॅट डेमन, बेन ॲफ्लेक आणि निर्माता ख्रिस मूर ह्यांचा. नवख्या लेखकांची आणि दिग्दर्शकांची स्पर्धा घ्यायची, जिंकेल त्याला खराखुरा सिनेमा करायला द्यायचा आणि तो बनतानाची सगळी मारामारी कॅमेऱ्यात पकडून दाखवायची. पहिले दोन सीझन एचबीओवर झाले, त्यातून निघालेले दोन्ही सिनेमे साधे माणसांच्या गोष्टींचे होते आणि दोन्ही थिएटरात आपटले. त्यामुळे २००५ मध्ये ब्राव्हो चॅनलवर तिसरा सीझन आला तेव्हा विचार बदलला होता, आता पैसे परत आणू शकेल असा सिनेमा हवा, म्हणजे हॉरर. निर्मात्यांमध्ये 'स्क्रीम'वाल्या वेस क्रेव्हनचं नाव आलं, स्क्रिप्ट जिंकली मार्कस डन्स्टन आणि पॅट्रिक मेल्टन ह्या जोडीची, आणि दिग्दर्शक म्हणून निवडला गेला जॉन गुलागर. वयाने इतर स्पर्धकांपेक्षा बराच मोठा, बोलायला लाजाळू, मीटिंगमध्ये गप्प बसणारा माणूस. वडील क्लू गुलागर, हॉलिवूडचा जुना नट, हॉररवाल्यांना तो १९८५ च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' मुळे माहीत असतो.

त्या सीझनमधलं एक मोठं भांडण कास्टिंगवरून होतं. जॉनला आपल्या घरची माणसं घ्यायची होती, वडील क्लू आणि जोडीदार डायान गोल्डनर, आणि स्टुडिओवाल्यांना ते पटत नव्हतं, त्यांना ओळखीचे चेहरे पाहिजे होते. शेवटी तडजोड झाली, क्लू बारटेंडर झाला, डायान एका छोट्या भूमिकेत आली आणि बाकीच्या जागी बाल्थझार गेटी, हेन्री रोलिन्स, क्रिस्टा ॲलन, एरिक डेन, नवी रावत (हिचे वडील भारतीय आहेत बरं का) अशी मंडळी आली. हे भांडण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पहिला भाग. गोष्ट काय तर काहीच नाही, वाळवंटात रस्त्याकडेचा एक बार, रात्र, बाहेर राक्षस, आत अडकलेली दहाबारा माणसं. पण सांगायची पद्धत भन्नाट. प्रत्येक पात्र पहिल्यांदा दिसलं की चित्र जागच्या जागी थांबतं आणि पाटी येते, त्यावर पात्राचं नाव, एखादी गमतीशीर माहिती आणि हा माणूस किती वेळ जगेल त्याचा अंदाज. नावं पण खरी नावं नाहीतच, हीरो, हिरॉइन, कोच, बोझो, टफी, हनी पाय, असली. एरिक डेनचा हीरो रक्ताने माखलेल्या अवतारात दरवाजा उघडून आत येतो, मीच तुम्हाला वाचवणार असं ठणकावतो, पाटीवरसुद्धा ह्याचं काही वाकडं होणार नाही असाच सूर असतो, आणि पुढच्या काही क्षणात खिडकीतून आलेला राक्षस त्याचं डोकं घेऊन जातो.

हा सीन अजूनही चालतो आणि तो का चालतो ह्यातच सगळं प्रकरण आहे. आपण हजार सिनेमे बघून काही नियम मनात धरून बसलेलो असतो, हीरो मरत नाही, लहान मुलाला काही होत नाही, आई मुलाला वाचवते. फीस्ट आधी तो नियम पाटीवर लिहून आपल्यासमोर धरतो आणि मग मोडतो. थोड्या वेळाने बारमध्ये काम करणाऱ्या टफीचा (ही क्रिस्टा ॲलन) लहान मुलगा जातो तेव्हा बसणारा धक्का वेगळाच आहे, तिथे हसू येत नाही. आणि लेखकांचं खरं कसब त्याच्या पुढे दिसतं. मुलगा गेल्यावर टफी कोसळते आणि मग हळूहळू तीच सिनेमाचा कणा होते, तिच्या पाटीवरचं नाव बदलून हिरॉइन २ होतं. म्हणजे नियम मोडलाय पण त्याची किंमत कोणीतरी चुकवतंय, आणि त्या बाईचं पुढे काय होणार ह्याची काळजी आपल्याला लागून राहते.

दुसरं म्हणजे जागा. तो बार आपल्याला पाठ होतो, दरवाजा इकडे, खिडक्या तिकडे, वरचा मजला, तळघर, बाहेर ट्रक उभा. कुठून राक्षस येऊ शकतो आणि कुठून माणूस निसटू शकतो हे माहीत असल्यामुळे प्रत्येक प्लॅन आपण मनात त्यांच्याबरोबर करत असतो. हनी पाय बाहेर पडून ट्रकपर्यंत पोचते, सगळे श्वास रोखून बघतायत की आता ही गाडी वळवून आणेल, आणि ती सरळ निघून जाते. विश्वासघाताचा एवढा साधा आणि एवढा बोचरा सीन ह्या प्रकारच्या सिनेमात कमी वेळा बघायला मिळतो. आणि पैसे कमी होते म्हणून राक्षस पूर्ण दिसतच नाहीत, जनावरांच्या कातड्या आणि कवट्या अंगावर घातलेलं काहीतरी झपकन येतं आणि जातं. काही ठिकाणी कॅमेरा इतका हलतो की वैताग येतो हे खरं, पण एकंदरीत ती टंचाई कामाला आली. ते कुठून आले हे पण सांगितलेलं नाही आणि बारमध्ये अडकलेल्या माणसाला ते कळायचं कारणही नाही.

बजेट साधारण ३० लाख डॉलरच्या आसपास, हॉलिवूडच्या हिशोबात किरकोळ. मधल्या काळात सिनेमामागचे स्टुडिओवाले वाइनस्टीन बंधू डिस्नीच्या मिरामॅक्स कंपनीतून बाहेर पडले, त्या गोंधळात सिनेमा लटकला आणि सप्टेंबर २००६ मध्ये मोजक्या थिएटरांत मध्यरात्रीच्या शोपुरता लागला. महिन्याभरात डीव्हीडी आली आणि तिथेच त्याला त्याचा प्रेक्षक मिळाला. आता ज्या सिनेमाने थिएटरात जवळजवळ काहीच कमावलं नाही त्याचा सिक्वेल निघतो तो कोणासाठी निघतो? डीव्हीडी घेणाऱ्यासाठी. आणि २००७-०८ च्या त्या बाजारात हॉरर डीव्हीडी विकायला कव्हरवर एक शब्द पुरत होता, अनरेटेड, म्हणजे थिएटरात दाखवता आलं नसतं ते ह्यात आहे. वाइनस्टीन बंधूंच्या हॉररवाल्या कंपनीने, डायमेन्शनने, त्यासाठी डायमेन्शन एक्स्ट्रीम असं वेगळं लेबलच काढलं होतं. मग दुसरा आणि तिसरा भाग एकामागोमाग एकत्र लुईझियानात शूट झाले, दुसरा ऑक्टोबर २००८ मध्ये आला आणि तिसरा फेब्रुवारी २००९ मध्ये.

हा चार महिन्यांचा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुसरा भाग लोकांच्या हातात पडून त्यांना काय खटकलं हे कळायच्या आत तिसरा शूट होऊन तयार होता. दोन्ही भाग मिळून खरं तर एकच गोष्ट आहे, राक्षस एका छोट्या गावावर तुटून पडलेत आणि गावकरी पोलीस स्टेशनकडे पळतायत, एवढीच. ती एका सिनेमाची गोष्ट दोन सिनेमांत ताणली, आणि ताणताना दुसऱ्या भागात सगळं चांगलं सामान वापरून झालं.

कारण दुसरा भाग अगदीच टाकाऊ नाही. डायान गोल्डनर इथे बायकर क्वीन होऊन येते, पहिल्या भागात मेलेल्या बाईची जुळी बहीण, सूड घ्यायला मोटरसायकलवाल्या पोरींची टोळी घेऊन. क्लूचा बारटेंडर पहिल्या भागात मेला असंच वाटलं होतं, तो जिवंत निघतो आणि हनी पाय समोर दिसल्यावर तिला बेदम बडवतो, त्यात विनोद आहे पण जुना हिशोब पण आहे. थंडर आणि लाइटनिंग नावाचे दोन बुटके कुस्तीगीर आहेत, आणि पोलीस स्टेशनच्या गच्चीवर माणूस फेकायला गोफणीसारखं यंत्र बनवायचा खटाटोप आहे. राक्षसाची चिरफाड करण्याचा एक लांबलचक सीन आहे ज्यात सगळेच ओकत सुटतात, तो मला फक्त किळसवाणा वाटला, पण आवडणारे आहेत.

आणि त्यातच तो बाळाचा सीन. ग्रेग नावाचा माणूस, ही भूमिका जॉनचा भाऊ टॉम गुलागरने केलीये, रडणाऱ्या तान्ह्या बाळाला वाचवायला जिवावर उदार होऊन जातो, बाळाला घेऊन पळत सुटतो, राक्षस मागे, अंतर कमी होत चाललंय, आणि तो स्वतःला वाचवायला बाळ हवेत मागे फेकून देतो. मी कितीतरी लोकांना ह्या सीनवर सिनेमा बंद करताना पाहिलंय आणि त्यांना मी दोष देत नाही. पण सीन म्हणून बघितलं तर तो पहिल्या भागाच्याच पद्धतीने रचलाय, आधी ग्रेगला आपल्या नजरेत मोठा केला, नियम पक्का केला आणि मग मोडला. प्रॉब्लेम असा की ह्याच्यापुढे जायला वाटच शिल्लक नाही. लहान मुलगा झाला, तान्हं बाळ झालं, आता ह्या सिरीजमध्ये कोण सुरक्षित आहे असं कोणाला वाटणार? कोणालाच नाही. आणि एकदा कोणीच सुरक्षित नाही हे प्रेक्षकाच्या मनात पक्कं बसलं की पुढचा प्रत्येक मृत्यू नुसता लाल रंग असतो.

तिसरा भाग ह्या जागेवरून सुरू होतो. पहिल्याच काही मिनिटांत हनी पायचं डोकं जातं. म्हणजे ती एकटी, जिच्यामागे दोन सिनेमांचा इतिहास होता, जिने पळ काढला होता, मार खाल्ला होता, जिला अजून एक निर्णय घ्यायची संधी देता आली असती, ती गेली. कशासाठी? बघा आम्ही हिलाही मारलं, एवढं दाखवायला. मला विचाराल तर सिरीज इथे फसली, पहिल्या काही मिनिटांत, शेवटी नव्हे. टफी तर दुसऱ्या भागापासून नाहीच. म्हणजे पहिल्या भागात जिच्यामुळे आपण गुंतलो ती बाई नाही, जिचा राग आला ती पण आता नाही, मग आम्ही कोणाकडे बघत बसायचं? डोक्यात आरपार पाइप घुसलेला ग्रेग आहे, तो तसाच हिंडतोय, पण त्याने बाळ फेकल्यावर त्याच्याबद्दल ओलावा राहिलेला नाही आणि सिनेमाला त्याच्या अपराधाबद्दल काही म्हणायचंही नाही.

मग सिनेमा नवीन माणसं आणतो. बंदुका घेऊन एक रांगडा गडी येतो, आता हाच सगळ्यांना तारणार असं वातावरण करतो आणि थोड्याच वेळात मरतो. मग एक कराटेवाला येतो, नाव जुन्या ॲक्शन हीरोंची नावं जोडून केलेलं, तोही तोऱ्यात येतो आणि त्याचे हात तुटतात. दोन्ही म्हणजे पहिल्या भागातला एरिक डेनचाच सीन पुन्हा. तेव्हा तो सीन सुरुवातीला होता, आपण बेसावध होतो, आणि त्याच्यानंतर त्याची बायको दारातून आत येत होती, म्हणजे त्या मरण्याला पुढे काहीतरी होतं. तिसऱ्या भागात पाटी आली की आपल्याला आधीच माहीत असतं की हा जाणार, आणि तो जातो आणि मागे काही ठेवून जात नाही.

ह्या सगळ्यात एक खरोखर चांगली कल्पना आहे आणि तिच्यासाठी माझा जीव जास्त तुटतो. जॉश ब्लू नावाचा कॉमेडियन आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि २००६ मध्ये तो अमेरिकेतली स्टँडअपची एक मोठी टीव्ही स्पर्धा जिंकला होता. तो इथे एका प्रेषितासारख्या माणसाच्या भूमिकेत येतो. लोकांना वाटतं ह्याच्यात दैवी शक्ती आहे, राक्षस ह्याच्या अंगावर येत नाहीत, आणि नंतर कळतं की त्याच्या कानातल्या श्रवणयंत्रातून जो कर्कश आवाज निघतो तो राक्षसांना सहन होत नाही. बघा किती बांधीव गोष्ट आहे ही! एक नियम मिळाला, राक्षसांची एक कमजोरी मिळाली, ती एका छोट्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात आहे, ते यंत्र बंद पडू शकतं, हरवू शकतं, कोणी हिसकावू शकतं, आणि ज्या माणसाला सगळे देव मानतायत त्याला सत्य माहीत आहे की नाही हा वेगळाच प्रश्न. एवढ्यावर अख्खा तिसरा भाग उभा राहिला असता. सिनेमा त्यातून थोडे हशे काढतो, त्याच्या अपंगत्वावर दोनचार स्वस्त विनोद करतो आणि पुढे सरकतो.

पुढे म्हणजे गटारात. गावाखालच्या गटारांतून बाहेर पडायचं असा बेत होतो, तिथे अंधार, त्यात दिवा सारखा लुकलुकतोय, प्रकाश, काळोख, प्रकाश, काळोख, असं करत हाणामारी चालते आणि कोण कोणाला मारतंय, कोण कुठे उभं आहे, वाट कुठली, काही म्हणजे काही समजत नाही. पहिल्या भागातला बार आठवा. इथे आपण प्लॅनमध्ये सामीलच होऊ शकत नाही, नुसतं डोळे चोळत वाट बघायची की उजेड कधी होतोय. कमी पैशात राक्षस लपवायला ही युक्ती केली असेल तर समजू शकतो, पण पहिल्या भागात हेच काम एका अर्धवट उघड्या दाराने करून दाखवलं होतं.

कमी पैसे, थेट व्हिडिओवर, म्हणून असंच होणार असं कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. 'ट्रेमर्स' बघा. १९९० चा पहिला भाग जमिनीखालच्या अळ्यांचा, जमिनीवर पाऊल वाजलं की त्या येतात हा नियम. १९९६ चा दुसरा भाग थेट व्हिडिओवर गेला, पहिल्या भागाचा एक लेखक एस. एस. विल्सन ह्यानेच तो दिग्दर्शित केला, आणि त्याने काय केलं तर नियम बदलला. अळ्यांमधून दोन पायांवर चालणारे छोटे प्राणी निघतात, ज्यांना ऐकू येत नाही पण उष्णता कळते. म्हणजे पहिल्या भागात शिकलेलं सगळं निकामी, पात्रांना आणि आपल्याला पुन्हा पहिल्यापासून डोकं चालवावं लागतं. तिथे खर्च पैशाचा नव्हता, विचाराचा होता. फीस्टवाल्यांच्या हातात श्रवणयंत्र होतं, त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं.

बरं, लेखक तेच होते, दिग्दर्शक तोच होता, म्हणजे कोणीतरी परका येऊन बिघडवून गेला असंही नाही. मग बदललं काय? मला वाटतं अडवणारं कोणी उरलं नाही. पहिल्या वेळी टीव्हीचे कॅमेरे होते, स्टुडिओ प्रत्येक गोष्टीवर भांडत होता, घरच्या माणसांना घेण्यावरूनसुद्धा जॉनला झगडावं लागलं. तेव्हा तो शो बघताना मी पूर्ण जॉनच्या बाजूने होतो आणि अजूनही त्याच्या घरच्यांबद्दल मला प्रेमच वाटतं, डायान तर ह्या दोन भागांत जीव तोडून काम करते, भावाला, वडिलांना घेऊन सिनेमा करायचा हट्ट त्याने पुरा केला ह्याचा आनंदच आहे. पण त्या जुन्या भांडणांतून प्रत्येक सीनला हे का, हे कशासाठी असा प्रश्न विचारला गेला होता. पुढच्या दोन भागांत जे सुचेल ते करायची मोकळीक दिसते, आणि बाजाराकडून मागणी एकच, अजून घाण, अजून रक्त. शिवाय डन्स्टन आणि मेल्टन तेव्हा 'सॉ' ह्या जीवघेण्या सापळ्यांच्या हॉरर सिरीजच्या चौथ्या भागापासून पुढचे भाग लिहीत होते, दर वर्षी एक. ते नियमांचे सापळे रचण्यात किती तरबेज आहेत ते तिकडे दिसतं, म्हणून तर इकडचा हा ढिसाळपणा जास्त लागतो.

आता तो रोबोट. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ह्या सिरीजने कायम अपेक्षा मोडल्या, मग शेवटही तसाच. पण अपेक्षा मोडायला आधी अपेक्षा लागते ना. गटारातून बाहेर येणाऱ्या त्या लोकांबद्दल तोवर आपल्याला काही वाटेनासं झालेलं असतं, ते जगले काय, राक्षसाने खाल्ले काय आणि रोबोटने चिरडले काय, आत कुठेच हलत नाही. हाच पाय पहिल्या भागाच्या शेवटी टफीवर पडला असता तर मी खुर्चीवरून उडालो असतो, भयंकर रागावलो असतो, पण आयुष्यभर विसरलो नसतो.

नंतरचं थोडक्यात. जॉनने २०१२ मध्ये ह्याच दोन लेखकांच्या साथीने 'पिरान्हा ३डीडी' केला, तोही सिक्वेल आणि तोही निराश करणारा, क्लू त्यातही होता. डन्स्टनने स्वतः दिग्दर्शनात उतरून २००९ मध्ये 'द कलेक्टर' केला, एका घरात अडकलेल्या चोराची गोष्ट, आणि तो बघा जरूर, कारण फीस्टमधल्या बारची बंदिस्त जागा आणि तिथली घुसमट त्यात परत सापडते. क्लू गुलागर २०२२ मध्ये ९३ व्या वर्षी गेला. तिसरा भाग बघायचाच असेल तर त्याच्यासाठी बघा. ऐंशीच्या घरातला म्हातारा, मान फाटलेली, सगळ्यांवर करवादतोय, आणि आजूबाजूला एवढा गोंधळ चाललेला असताना तो प्रत्येक सीन असा करतो की जणू त्या बारमध्ये काय घडलं होतं हे त्या सेटवर एकट्यालाच आठवतंय.